मुखवट्याचं तोंड

डोंगरातलं गाव, शाळेच्या ओट्यावरून
१२ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन नदीत पडला. पुलावरून मेंढ्या चालल्या होत्या, मी मोजत होते, एकशे चाळीसपर्यंत आले आणि तो हातातून सुटला. आता मासे करतील कोणाला करायचा तो फोन. तसंही फोनवर तू फक्त "जेवलीस का" विचारतेस.

काम मिळालंय. हसू नकोस. प्रवाशांसाठी छोट्या पुस्तिका काढणारे एक गृहस्थ आहेत, मी त्यांना पुस्तिकाकाका म्हणते. जगभरचे मुखवट्यांचे नाच, आणि ते बघायला कुठं जायचं, अशी पुस्तिका काढतायत. पन्नास नाच, पन्नास पानं, प्रत्येक भागात एकेक माणूस नेमलाय. माझ्या वाट्याला अकरा. मथळे चारच: मुखवटा, कुठे, केव्हा, कुठे उभे राहावे. मी पहिल्या नाचावर सहा पानं लिहून पाठवली तर उत्तर आलं, "तुमचं मत नको, बस किती वाजता ते कळवा." मग असं लिहिलं:

मुखवटा: लाकडी, शिंगांचा, दात खऱ्या बोकडाचे. अंगात गवताचा झगा, कमरेला घंटा. कुठे: बसच्या शेवटच्या थांब्यावरून पाऊण तास चढ. केव्हा: वर्षातला सगळ्यात लहान दिवस उलटल्यावरचा दुसरा रविवार. कुठे उभे राहावे: पिठाच्या गिरणीच्या पायऱ्यांवर. खाली उभे राहिल्यास घंटा गुडघ्याला लागतात (अनुभव).

का नाचता म्हणून एका म्हाताऱ्याला विचारलं. मला वाटलं भुतंखेतं, पिकंपाणी असं काहीतरी सांगेल. म्हणाला, "थांबलो तर थंडी वाजते." हे काकांनी काढून टाकलं.

सोबत फोटो आहे. शिंगंवाली ती मीच. बाबांना दाखव, नाहीतर नको दाखवूस. सलूनमध्ये तीन गिऱ्हाइकांसमोर, हातात वस्तरा धरून ते म्हणाले होते ना, "जा, आणि पुन्हा मला तोंड दाखवू नकोस"? दोन वर्षं होतील आता. तीन कोर्स मी अर्धे सोडले हे मान्य आहे, पण हे पुरं करणार. मुखवट्यातले फोटो पाठवीन, तोंड दाखवणार नाही. त्यांनी स्वतः शब्द मागे घेतला तरच येईन. त्यांनी हं. त्यांच्या वतीनं तू नाही.

त्यांचा घसा अजून बसलेलाच आहे का? पत्राचं उत्तर गिरणीच्या पत्त्यावर पाठव, मी इथं महिनाभर आहे, बहुतेक.

भोवरा


घर
३० जानेवारी

भोवरा,

एकशे चाळीसच्या पुढे किती मेंढ्या होत्या? तू कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत मोजत नाहीस.

फोटो पोचला. मला वाटलं कोणा परक्या माणसाचा आहे. बाबांनी चष्मा लावला, म्हणाले, "उभी बघ कशी आहे, एका पायावर, बगळ्यासारखी," आणि शर्टाच्या खिशात घातला. बाकी काही नाही.

म्हणाले असं लिहिलंय मी, पण ते नुसतं फुसफुसणं असतं आता. घसा बसलेला नाही. आमच्याच हॉस्पिटलात तपासला. स्वरयंत्रात गाठ आहे. साधी नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, स्वरयंत्र काढावं लागेल. एकवीस फेब्रुवारीची तारीख मिळालीय. त्यानंतर श्वास गळ्याला केलेल्या भोकातून. आवाज नाही. थोडाफार नाही, मुळीच नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "मागचे केस फार वाढलेत तुमचे, कॉलरला लागतायत."

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी किरणांचे उपचार, तीस दिवस. ते आमच्या तळघरात. म्हणजे मुखवटा मलाच करायचाय.

मी काय काम करते ते तुला कधी पुरतं सांगता आलं नाही. पहिल्या वाक्यालाच तू खिडकीबाहेर बघायला लागायचीस. आता पत्रात आहेस तर ऐक. किरण नेमक्या जागी पडायला हवेत, म्हणून माणूस केसभरही हलायला नको. त्यासाठी बारीक भोकांची एक पांढरी पाटी असते. ती गरम पाण्यात सोडली की ओल्या कापडासारखी मऊ होते. ती माणसाच्या तोंडावरून खांद्यांपर्यंत ताणायची आणि हातांनी दाबून धरायची. पाच-सात मिनिटांत कडक होते. नाक, हनुवटी, सगळं जसंच्या तसं उमटतं. मग रोज उपचाराच्या वेळी तो मुखवटा टेबलाला खटक्यांनी अडकवायचा. आत माणूस. अकरा वर्षं मी हेच करते. तुझ्या काकांना सांग, आमच्याकडेही मुखवटे आहेत. फक्त नाच नाही.

मुद्द्याचं बोलते. एकवीसच्या आत ये. शब्द मागे घ्यायला त्यांच्याकडे शब्द तोवरच आहेत. हे मी त्यांना बोलून दाखवलेलं नाही. तुला बोलाव असं त्यांनीही म्हटलेलं नाही. मी बोलावतेय.

जेवलीस का?

ताई


बस बदलायचं गाव
२४ फेब्रुवारी

ताई,

आज चोवीस. मला माहीत आहे.

तुझं पत्र तेराला मिळालं. चौदाला निघाले, हे खरं आहे, गिरणीवाल्या बाईंना विचार. सोळाला या गावात पोचले, इथं बस बदलायची होती. इथं एक नाच असतो, सात वर्षांतून एकदा. तो नेमका सतराला होता. म्हटलं, एकच दिवस. सतराला वारा सुटला म्हणून पुढं ढकलला. अठराला वारा पडला तर ढोलवाला मुलीकडे निघून गेलेला. एकोणीसला झाला. विसाला सकाळी बस उभी होती, दार उघडं होतं. मी समोरच, मुखवटे कोरणाऱ्या आजोबांच्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बस गेली. मी बघत होते ती जाताना. कारण काय लिहू? लिहायला बसले की सुचत नाही. ते शब्द मागे घेणार नाहीत आणि मी समोर उभी असेन, असं काहीसं होतं. पण ते आता लिहिताना वाटतंय. तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

नाचाबद्दल सांगते. तुला नको असेल तर हा भाग सोड.

इथल्या मुखवट्याला तोंड कोरत नाहीत. कपाळ, डोळे, नाक, आणि खाली सपाट लाकूड. नाचणाऱ्यानं बोलायचं नाही. त्याच्या डाव्या हाताला दुसरा एक माणूस चालतो, साध्या कपड्यांत, उघड्या चेहऱ्यानं. मुखवटा हातवारे करतो आणि हा ते बोलून दाखवतो. कोणाला टोमणा, कोणाला आशीर्वाद, कोणाला "तुझं कुंपण माझ्या शेतात आलंय." त्या माणसाला त्यांच्या भाषेत जे म्हणतात त्याचा अर्थ बरोबर आपल्या "तोंड" या शब्दासारखा, चेहराही आणि मुखही. "यंदा तुमच्याकडे तोंड कोण?" असं विचारतात एकमेकांना. आजोबा म्हणाले, "मुखवटा काय, कोणीही चढवतो. तोंड मिळणं कठीण. त्यानं स्वतःचं एक अक्षर घालायचं नसतं."

त्यांनी मला एक मुखवटा बांधून बघायला दिला. केस दोऱ्यांत अडकले, सुटेनात. मेंढ्या कातरायची कात्री होती, तिनं कापले. मीच. सगळे. फोटो पाठवतेय, मागून काढलेला. पुढून काढू नकोस म्हणून फोटोवाल्याला मीच सांगितलं.

मुखवटा: तोंड नसलेला. कुठे: बसथांब्यासमोर. केव्हा: सात वर्षांनी, वारा नसल्यास. कुठे उभे राहावे: कुठेही. बस दिसते.

झालं का ऑपरेशन?

भोवरा


घर
९ मार्च

भोवरा,

झालं. पाच तास चाललं. आता खुर्चीत बसतात. पाटी दिलीय, तिच्यावर एकेक शब्द लिहितात. "पाणी." "पंखा." "उशी." क्रियापद लिहीत नाहीत.

तुझ्यावर रागावले नाहीये. रागावायला जागा शोधतेय, सापडत नाही. सकाळी डबा भरते, हॉस्पिटलात जाते, दुपारी वॉर्डात चढते, चारला पुन्हा चढते. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. मीही आता मोजायला लागले.

आदल्या दिवशी त्यांनी सलून उघडलं होतं. सात डोकी केली. मी फोनवर आवाज भरून घ्यायला गेले. म्हटलं, बोला काहीतरी, राहील आपल्याकडे. त्यांनी फोन हातात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, "चालू आहे का हे? दिवा तर लागलाय. चालू आहे का?" मग गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी फोन कंगव्यांच्या डब्यात ठेवून दिला. पुढं अकरा मिनिटं नुसती कात्री आहे. एवढंच आहे आपल्याकडे.

शब्द मागे घेतला का, असं तू विचारशील. नाही. तुझं नावसुद्धा काढलं नाही. एकवीसला सकाळी स्ट्रेचरवरून नेताना दाराकडे बघत होते. मीही बघत होते. दारात वॉर्डबॉय होता.

तुझा दुसरा फोटो परवा दाखवला. केस इतके कापलेस की दोन्ही भोवरे दिसतायत. आठवतं ना, सगळे म्हणायचे दोन भोवरे म्हणजे दोन नवरे, आणि बाबा म्हणायचे, "एकासाठी तरी एका जागी बसेल का ती?" त्यावरून तर तुझं हे नाव पडलं. तर तो फोटो घेऊन ते उठले, पलंगांच्या सळ्यांना धरत खिडकीशी उजेडात गेले आणि बराच वेळ बघत राहिले. कपाळाला आठ्या. पाटी मागितली, खडू उचलला, मग ठेवून दिला. मला वाटतं राग आला. पाठ दाखवलीस असं वाटलं असेल. पुढच्या वेळी मागून काढू नकोस.

ताई


नदीकाठ
२८ मार्च

ताई,

पत्र मिळालं.

इथं पानांचे मुखवटे असतात. आदल्या दिवशी पानं गोळा करतात, सकाळी शिवतात, दुपारभर नाचतात आणि संध्याकाळच्या आत नदीत सोडतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवे. जपून ठेवत नाहीत. विचारलं तर म्हणाले, सुकल्यावर चुरा होतो, घरात कचरा. प्रवाशांनी वरच्या घाटावर उभं राहावं, खाली चिखल आहे.

मागून फोटो काढताना तसं काही मनात नव्हतं. केस वाईट कापले गेले होते म्हणून पुढून नको म्हटलं होतं.

पाटीवर काय लिहिणार होते?

फोनमध्ये भरलेला तो आवाज पुसू नकोस. मला ऐकवूही नकोस.

भोवरा


तळघर, जेवणाच्या सुट्टीत
२ मे

भोवरा,

तुझं पत्र आलं, पण मला वेळ झाला नाही. वेळ होता, पेन उचललं नाही.

पाटीवर काय लिहिणार होते ते मी विचारलं नाही. तू विचार.

मुखवटा केला. माझ्याबरोबरची म्हणाली, "तू बाहेर थांब, मी करते, आपल्या माणसाचं आपण करू नये." मी म्हटलं, कोणी केलं तरी नाक तेच. बाबा टेबलावर निजले. मी ती भोकांची पाटी गरम पाण्यातून काढली, झटकली, त्यांच्या तोंडावर ताणली. गळ्याच्या भोकाशी मोकळं ठेवलं. मग दोन्ही हात गालांवर दाबून उभी राहिले. सहा मिनिटं. एरवी मी पेशंटशी बोलत असते, घाबरू नका, गरम वाटेल, आता गार होईल. या वेळी काही सुचेना. तेव्हा लक्षात आलं की मी त्यांच्या तोंडाला पहिल्यांदाच हात लावतेय. आपल्या तोंडांना त्यांचे हात लहानपणापासून लागलेत. आईनंतर वेण्याही त्यांनीच घातल्या आपल्या, सगळ्या शाळेत आपल्याच वेण्या सरळ असायच्या, हनुवटी धरून मान वळवायचे ते. पण उलटं कधी झालं नव्हतं. गाल खरखरीत होते. दाढी त्यांनी सकाळी स्वतःच केली होती, हनुवटीखालची मात्र राहिली होती.

उपचारांचे सोळा दिवस झाले. वजन उतरलं, पहिला मुखवटा सैल झाला म्हणून परवा दुसरा केला. जुने मुखवटे आम्ही टाकून देतो. काही लोक घरी नेतात. एका बाईंनी त्यात माती भरून रोप लावलं, एका माणसानं नेला आणि बसमध्ये विसरला, तो बसवाल्यांनी दोन दिवस जपून ठेवला होता, पण हात कोणी लावेना. बाबांनी पाटीवर लिहिलं, "दे." घेऊन सलूनमध्ये गेले आणि आरशाशेजारी खिळ्याला अडकवला. तिथं तुझे फोटो आहेत, शिंगांचा आणि मागून काढलेला. हो, तिथंच लावलेत, पहिल्यापासून. मी तुला लिहिलं नव्हतं. का, ते विचारू नकोस, मलाही लिहायला बसलं की सुचत नाही.

तुझ्या काकांसाठी:

मुखवटा: पांढरा, जाळीचा, तोंड मिटलेलं. कुठे: मोठ्या हॉस्पिटलचं तळघर, बावीस पायऱ्या खाली, डावीकडची दुसरी खोली. केव्हा: शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी दहा वीस, अजून चौदा दिवस. नाच: नाही. निजून असतो. कुठे उभे राहावे: काचेमागे. फक्त जवळच्या नातेवाइकांस प्रवेश.

ताई


बंदर
१२ जून

ताई,

पोचले. निघताना तुला उठवलं नाही, तुझी त्या दिवशी सुट्टी होती.

आपण एकाच घरात नऊ दिवस होतो आणि बोललो ते भाजी आणि औषधं. तू आठ ते चार कामावर असायचीस तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं. समोर बसून मला सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी मी सरळ तळघरात आले. तू शेजारच्या खोलीत कोणाचं तरी तोंड दाबून उभी होतीस, मला मानेनंच "थांब" म्हणालीस. मी काचेमागे उभी राहिले. ते टेबलावर, मुखवट्यात. मी इतके मुखवटे पाहिले, ताई, सगळे हलतात. हा हलत नव्हता. तो न हलण्यासाठीच केलाय हे तू लिहिलं होतंस, पण बघताना वेगळं असतं. मला रडायला येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. सगळ्या. त्र्याहत्तर.

खटके काढले, ते उठून बाहेर आले. तोंडभर जाळीची नक्षी उमटलेली, कापड फार वेळ दाबून झोपल्यावर उमटते तशी. मला बघितलं. मी दोन वर्षांत पहिल्यांदा उघड्या तोंडानं उभी होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे एवढंसं बघितलं आणि खांद्याला धरून मला उलटं वळवलं. पाठमोरं. मी तशीच उभी. मागं खडूचा आवाज. मग पाटी माझ्या खांद्यावरून पुढं आली.

"केस कोणी कापले?"

मी म्हटलं, "मीच."

पाटी मागे गेली, पुन्हा पुढे आली. "दिसतंय."

मार्चमध्ये खडू उचलला होता तो यासाठीच असावा. पाठ दाखवल्याचा राग नव्हता, ताई. केसांच्या कटाचा होता.

उपचार संपले त्या सोमवारी ते सलून उघडायचंच म्हणून बसले. तू "अजिबात नाही" म्हणालीस आणि कामावर गेलीस. तू गेलीस आणि आम्ही शटर वर केलं. दोन तासच हं. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. ते कात्रीनं, कंगव्यानं, भुवयांनी दाखवायचे आणि मी बोलायचे. निवृत्त पोस्टमन आले होते. म्हणाले, "चाळीस वर्षं तुमची बडबड ऐकली, आता माझी पाळी," आणि डोकं हलवत सुरूच झाले. बाबांनी कात्री त्यांच्या कानाशी नेऊन दोनदा वाजवली. मी म्हटलं, "मान हलवली तर कान जाईल म्हणतायत."

"हे ते म्हणाले की तू?"

"ते. मला माझं काही बोलायचं नसतं."

"असं होय? मग त्यांना विचार, मिशी ठेवू का?"

बाबांनी बोटानं आडवी रेघ मारली. "उडवा म्हणतात. काकू तेवढंच म्हणत होत्या पंधरा वर्षं."

हे दुसरं वाक्य मी पदरचं घातलं. बाबांनी माझ्याकडे तिरकं बघितलं. पण हात थांबला नाही, मिशी गेली.

मग पोस्टमन आरशात माझ्याकडे बघत बाबांना म्हणाले, "धाकटी परत आली म्हणायची."

मी बाबांकडे बघितलं. काहीतरी दाखवतील, मग मी बोलेन. त्यांनी अंगावरचं कापड काढलं, झटकलं, घडी घातली. हातानं काही दाखवलं नाही. म्हणून मीही काही बोलले नाही. पोस्टमन उठून गेले. असे चार दिवस मी तोंड होते. हेच आणखी दोघं म्हणाले. दोन्ही वेळा घडी घातली.

एकदा ते आत औषध घेत होते तेव्हा तो जुना मुखवटा मी खिळ्यावरून काढून घालून बघितला. नाकाशी बसतो. हनुवटीला सैल आहे. परत अडकवला.

शेवटच्या दिवशी गिऱ्हाईक संपल्यावर त्यांनी कंगव्यानं मला खुर्ची दाखवली. बसले. कापड गळ्याशी बांधलं. कंगवा डोक्यावर दोनदा टकटक, म्हणजे मान खाली. लहानपणी तोंडानंही म्हणायचे, "मान खाली, भोवरा." आता नुसती टकटक. एक तास घेतला. मध्ये दोनदा स्टुलावर बसले, गळ्याच्या भोकावर हात धरून. मी आरशात बघत होते. मी, ते, शिंगंवाली मी, पाठमोरी मी, आणि त्यांचा पांढरा मुखवटा, सगळे एका रांगेत. त्यांनी तोंडाकडे बघितलं नाही. दोन्ही कानांवरचे केस बोटांत धरून सारखे आहेत का तेवढं बघितलं. मग लहान आरसा माझ्या मागं धरला. हे दाखवल्यावर गिऱ्हाइकानं मान डोलवायची असते. मी डोलवली. त्यांनी कापड झटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, जाते. त्यांनी पान उलटलं.

तर मला कळत नाही, ताई. मी तोंड दाखवलं की नाही? दाखवलं असेल तर शब्द मोडला. आणि त्यांनी तर तो मागे घेतलेलाच नाही. बोलता येत नाही हे खरं, पण "दिसतंय" लिहिता येतं, तर हेही आलं असतं.

सोबत फोटो आहे, पहिल्यांदाच मुखवट्याशिवाय, पुढून. दाखव. परत पाठवायला सांगितला तर परत पाठव.

इथल्या मुखवट्यांचे जबडे हलतात, आतून दोरी दातांत धरून ओढतात. तीन म्हाताऱ्यांचे दात पडले म्हणून यंदा दोनच नाचणार आहेत. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीपाशी उभं राहावं.

भोवरा


घर
८ जुलै

भोवरा,

त्या दिवशी मी जागी होते. तू चप्पल हातात घेऊन दारापर्यंत गेलीस तेही ऐकलं.

आणि सोमवारचं शटर मला त्याच दिवशी कळलं होतं. पोस्टमनकाकू बसमध्ये भेटल्या, म्हणाल्या, नवरा ओळखू येईना.

तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ता तरी काही दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा या. त्यांनी केस कापून घेतलेत. बाबांनी बघून मान डोलवली.

तुझी पुस्तिका आली. तुझी अकरा पानं शेवटी, चाळीसपासून आहेत. काकांनी तुझं सगळं काढलंय, बसच्या वेळा ठेवल्यात. एका ठिकाणी मात्र "घंटा गुडघ्याला लागतात (अनुभव)" तसंच राहून गेलंय. बाबांनी त्या ओळीखाली नखानं रेघ ओढलीय. पुस्तिका सलूनमध्ये ठेवलीय, गिऱ्हाइकं नंबर येईपर्यंत चाळतात. अजून कोणी गेलं नाही कुठं.

फोटो काल दाखवला. चष्मा लावला. फोटो लांब धरला, जवळ धरला. खिशात घातला नाही, आरशावरही लावला नाही. जेवताना पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला. मी म्हटलं, परत पाठवायचा का? त्यांनी पाटी शोधली नाही. हे पत्र मी तिथंच लिहीत बसले होते, माझ्या हातातलं पेनच घेतलं. मी उठून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा पेन बंद करून ठेवलं होतं आणि ते हात धूत होते.

पुढचं त्यांचं अक्षर आहे. मी काही घातलेलं नाही.

ताई

तोंड पाहिलं.
आता मागून फोटो पाठव.
केस वाढले की ये.